पीयूषग्रंथीचा प्रयोग आणि बीडचे जलाशय

बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तथापि सिंदफणेवरील माजलगाव किंवा मांजरेवरील धनेगाव येथील जलाशयांत रोहू, कटला, मृगळ यांची जी बोटुकली सोडली जाते, तिचा इतिहास ओडिशातील अंगुल येथे १० जुलै १९५७ रोजी डॉ. हीरालाल चौधरी यांनी यशस्वी केलेल्या प्रयोगाशी जाऊन मिळतो.

हे मासे तळ्यात पोसले जातात खरे, परंतु स्थिर पाण्यात ते सहसा अंडी घालीत नाहीत. पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यातच त्यांचे प्रजनन होते. परिणामी मत्स्यबीज नदीतून धरून आणावे लागे, आणि त्यात निरुपयोगी, किंबहुना हिंस्र जातींची पिलेही बेमालूम मिसळलेली असत. चौधरींनी परिपक्व माशाच्या मेंदूखालील पीयूषग्रंथीचा अर्क काढून तो नर-मादींना टोचला, आणि नदीच्या पुराने जे घडे ते बंदिस्त पाण्यात घडवून आणले.

पावसाची शाश्वती नसलेल्या मुलखात जलाशयात पाणी येताच खात्रीचे, शुद्ध बीज हाताशी असणे, हीच मच्छीमार संस्थांच्या दृष्टीने या शोधाची खरी किंमत होय. पुढे शासनाने १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन ठरविला, तो याच कार्याच्या स्मरणार्थ.