रस प्यावा की फळ खावे? उपोसथाची संध्याकाळ आणि जयंतीचा स्टॉल

गेल्या वर्षावासात पनवेलमधल्या एका विहारात पौर्णिमेच्या दिवशी आम्ही रक्तातील साखर तपासण्याचे छोटे शिबिर घेतले. सकाळपासून अष्टशील घेतलेल्या एक मावशी संध्याकाळी तपासणीला आल्या. वय साठीच्या आसपास, मधुमेहाची गोळी अनेक वर्षांपासून चालू. आकडा तीनशेच्या पुढे गेलेला पाहून त्या गोंधळल्या. "बारानंतर मी काहीच खाल्लं नाही रे बाळा. फक्त मोसंबीचा ज्यूस घेतला, दोन ग्लास. तोही घरचा, साखर न घालता."

मावशींनी शील मोडले नव्हते आणि त्या खोटेही बोलत नव्हत्या. कोल्ड्रिंक वाईट, ताज्या फळांचा रस चांगला, हे समीकरण आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात पक्के बसले आहे. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण रसाचा डबा नेतो. वडाळे तलावाला फेऱ्या मारून झाल्या की ज्यूस पिऊन व्यायाम सार्थकी लागला असे समजतो. म्हणून हे समीकरण एकदा तपासून पाहायला हवे.

फळाचा रस होताना काय घडते?

एक ग्लास, म्हणजे साधारण 250 मिलि संत्र्याचा रस काढायला तीन-चार संत्री लागतात. त्यात सुमारे 20 ग्रॅम साखर असते, म्हणजे चार-पाच चमचे. वरून साखर घातली नाही तरीही एवढी असतेच. तेवढ्याच कोल्ड्रिंकमध्ये साधारण 26 ग्रॅम असते. फरक आहे, पण आपण समजतो तेवढा मोठा नाही.

मग हीच साखर संत्र्यात असताना त्रास का देत नाही? कारण फळात ती चोथ्यासोबत असते. चोथ्यातील तंतुमय पदार्थ पचनाचा वेग कमी करतात, त्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते. फळ चावून खावे लागते, वेळ जातो, पोट भरते. चार संत्री सोलून एका बैठकीत खाणारा माणूस विरळाच, पण त्यांचा रस दोन मिनिटांत संपतो. आणि रस काढताना आपण नेमका चोथाच फेकून देतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये साखरेबाबत मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात फळांच्या रसातील साखर ही चहात घातलेल्या साखरेच्याच गटात धरली आहे. अख्ख्या फळातील साखर मात्र त्या गटात नाही. दिवसाला 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसासाठी या साखरेची मर्यादा 50 ग्रॅम, आणि 25 ग्रॅमच्या आत राहिल्यास अधिक चांगले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये भारतीयांसाठी जी आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, तिचाही सल्ला रसापेक्षा अख्खे फळ खाण्याचा आहे. त्याच मार्गदर्शिकेनुसार 100 मिलि उसाच्या रसात 13 ते 15 ग्रॅम साखर असते. 20 मार्चला महाडला जाताना वाटेत रसवंतीपाशी गाडी थांबते, तेव्हा एका मोठ्या ग्लासातच दिवसभराची 25 ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.

रस म्हणजे विष नव्हे. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम त्यात बऱ्यापैकी टिकते. निरोगी, कष्टाचे काम करणाऱ्या माणसाने कधीतरी अर्धा ग्लास घेतला तर बिघडत नाही. मधुमेहींची साखर अचानक खूप खाली गेली, तर अर्धा-पाऊण कप रस हा तातडीचा उपायही आहे. पण रोज ग्लासभर रस प्यायल्याने आरोग्य सुधारते, हा समज खरा नाही.

विनयात रसाला परवानगी आहे, मग?

हा प्रश्न तरुण उपासक हमखास विचारतात. विनयपिटकाच्या महावग्गात भैषज्याच्या प्रकरणात भगवंतांनी भिक्खूंना आठ पेयांची अनुज्ञा दिली आहे. आंबा, जांभूळ, केळे, द्राक्ष, फालसा यांचे पान त्यात येते. पुढे उसाच्या रसालाही अनुमती आहे. आपल्याकडे उपोसथाला दुपारनंतर रस घेतात, त्याचा आधार हाच.

पण ही सवलत कोणासाठी होती? दुपारनंतर अन्न सोडलेल्या, मैलोन्‌मैल पायी चालणाऱ्या भिक्खूंसाठी. आपण रस घेतो तो नाश्ता, दोन वेळचे जेवण आणि चार कप गोड चहाच्या वर. काय चालते याचे उत्तर विनयात मिळेल, किती घ्यावे याचे उत्तर मात्र आपल्या शरीराकडे पाहूनच द्यावे लागते. संयुत्त निकायात कोसलराजा पसेनदीची गोष्ट आहे. भरपेट जेवून धापा टाकत आलेल्या राजाला भगवंतांनी भोजनातील मात्रेविषयी गाथा सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावून रोज जेवताना म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचा आहार कमी झाला आणि शरीर हलके झाले. आपल्या मावशी-काकांच्या घरी तो सुदस्सन आपणच व्हायचे आहे.

हा प्रश्न आपल्या वस्तीचा आहे

2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. तो आता श्रीमंतांचा आजार राहिलेला नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात औषधाचा खर्च वाढला की आधी मुलांच्या शिक्षणाला कात्री लागते. स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने अखेरच्या वर्षांत फार त्रास दिला. त्यांच्या जयंतीला भर उन्हात आपण प्रेमाने गोड सरबत वाटतो, तेव्हा रांगेतल्या किती जणांना तोच आजार असतो याचा विचार आपण करतो का?

म्हणून कार्यकर्त्यांना काही सूचना:

• जयंतीच्या स्टॉलवर पहिला मान स्वच्छ पाण्याला द्या. सोबत मठ्ठा, मीठ घातलेले लिंबूपाणी आणि कापलेल्या कलिंगडाऐवजी अख्खी केळी ठेवा. कापलेल्या फळांवर उन्हात माश्या बसतात.

• उपोसथाला मधुमेही उपासक-उपासिकांनी आधी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन किंवा गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते, आणि भरपूर रस घेतल्यास वर. आजाऱ्याने विकाल भोजनाचे शील न घेता पंचशील पाळले, तर त्याची श्रद्धा कमी ठरत नाही.

• मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना पोटॅशियममुळे रसच काय, काही फळेही वर्ज्य असू शकतात. त्यांना आग्रह करू नका.

• पाकिटावर "100 टक्के फळांचा रस" लिहिलेले दिसले तरी भुलू नका. असे दावे काढून टाकण्याचा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून 2024 मध्ये कंपन्यांना दिला होता.

• आजाऱ्याला भेटायला जाताना डब्याऐवजी त्याला चालेल असे फळ न्या. पेरूत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असते आणि तो स्वस्तही मिळतो. पावसाच्या तोंडावर आदिवासी भगिनी टोपलीत जांभळे, करवंदे घेऊन बाजारात बसतात. ती घेतली तर पैसा थेट त्यांच्या घरात जातो.

त्या मावशी डॉक्टरांना भेटल्या. पुढच्या पौर्णिमेला त्या विहारात आल्या, तेव्हा त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने पंचशीलच घेतले होते. संध्याकाळी पिशवीतून एक मोसंबे काढून त्या सोलत बसल्या. अर्धे स्वतः खाल्ले, अर्धे माझ्या हातावर ठेवले.