वायूचे नियम आणि तपमानाचा शून्य

बालाघाट जिल्ह्यातील कटंगीजवळच्या रस्त्यावरील एक मोटार घ्यावी. फाल्गुनातील पहाटे तिच्या चाकातील हवा १५ अंश सेल्सिअसवर होती. दुपारपर्यंत ऊन व धाव यांमुळे ती ४५ अंशांपर्यंत तापली. चाकाचे आकारमान बदलले नाही असे धरले, तर दाब किती वाढेल?

तपमान तिप्पट, म्हणून दाबही तिप्पट, असे पुष्कळ विद्यार्थी लिहितात. तसे घडते तर चाक वाटेतच फुटावयाचे! हीच तपमाने फॅरनहाइटमध्ये ५९ व ११३ होतात. मग दाब दुपटीहून किंचित कमी ठरतो. एकाच हवेची दोन उत्तरे निघतात, याचा अर्थ दोष मापनाच्या शून्यात आहे. सेल्सिअसचा शून्य म्हणजे पाणी गोठण्याचा बिंदू. उष्णतेचा अभाव नव्हे. भिंतीमागे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाचे डोके भिंतीवर एक वीत व दुसऱ्याचे तीन विती दिसले, म्हणून दुसरा तिप्पट उंच ठरत नाही. भिंतीची उंचीही मिळवावी लागते.

ती भिंत २७३ अंशांची आहे. वायू दर अंशास ठराविक प्रमाणात प्रसरण पावतात, हे गे-ल्युसॅक यांनी १८०२ साली प्रसिद्ध केले. त्यापूर्वीच्या शार्ल यांच्या प्रयोगांचे श्रेयही त्यांनी मान्य केले. पुढे १८४८ साली विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी केवल तपमानाची श्रेणी सुचविली. तिचा शून्य उणे २७३.१५ सेल्सिअसवर आहे.

आता १५ चे २८८ आणि ४५ चे ३१८ केल्व्हिन होतात. दाब फक्त सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. येथेही एक भिंत आहे : चाकाचा दाबमापक वातावरणाहून अधिक असलेलाच दाब दाखवितो. त्याने २ वातावरणे दाखविली, तर गणितात ३ घ्यावीत, उत्तर ३.३१ येईल आणि मापक २.३१ दाखवील.

फॅरनहाइट दिले असल्यास प्रथम ३२ वजा करून पाच-नवमांशाने गुणावे, मग २७३ मिळवावेत. मात्र तपमानातील फरकात २७३ मिळवू नयेत : ३० अंश सेल्सिअसची वाढ ही ३० केल्व्हिनचीच वाढ होय. सूत्र पाठ असूनही गुण जातात ते बहुधा या एका बेरजेपायी.