एस्टिमेशनवाला आणि समुद्र

सिव्हिलच्या पोरांना 'एस्टिमेशन' म्हटलं की जांभया येतात. विटा किती, सिमेंट किती, गुणिले दर, खाली बेरीज. म्हणून मुद्दाम सांगतो, नायजेरियातल्या अहमदू बेल्लो विद्यापीठातून याच क्वांटिटी सर्व्हेइंगची पदवी घेतलेले रशीद सुमैला हे कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ आज समुद्राचा हिशेब मांडणाऱ्यांत पहिल्या रांगेत आहेत. नॉर्वेच्या बर्गेन विद्यापीठात त्यांनी अर्थशास्त्रात डॉक्टरेट केली, मग ते कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक झाले. २०२३ सालचं टायलर पारितोषिक त्यांना डॅनियल पॉली यांच्याबरोबर विभागून मिळालं.

पण मला आवडलं ते त्यांचं एक गणित. 'प्रेझेंट वर्थ' आपण सगळेच रट्टा मारून पेपरात लिहितो. १० टक्के दराने ३० वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांची आजची किंमत जेमतेम पावणेसहा रुपये. आता हे माशांना लावा. समुद्रातले मासे वर्षाला ५ टक्के वाढतात आणि बँक १० टक्के देते, तर सरळ उत्तर येतं: सगळे आजच पकडा, विका, पैसे बँकेत टाका! हा धोका कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्येच दाखवला होता.

सुमैला आणि कार्ल वॉल्टर्स यांनी २००५ मध्ये विचारलं, की हे घड्याळ नेमकं कोणाचं? आपल्या हॉस्टेलचंच बघा ना. फायनल इयरवाल्याला चार वर्षांनंतरच्या पाण्याच्या टाकीचं काय पडलंय? पण दर जुलै-ऑगस्टमध्ये नवीन पोरं येतात आणि त्यांची चार वर्षं त्या दिवसापासून सुरू होतात. तसंच दरवर्षी समाजात नवी माणसं येतात; त्यांचं घड्याळ शून्यापासून मोजा. मग ३० वर्षांनंतरचा मासा इतका स्वस्त राहत नाही, आणि आज जाळं आवरणं फायद्याचं ठरू शकतं. सूत्रात फार मोठा बदल नाही, फक्त न जन्मलेल्यांना रांगेत जागा दिली.

दुसरं काम अनुदानांचं. त्यांच्या गटाच्या अंदाजानुसार २०१८ मध्ये जगभरच्या सरकारांनी मासेमारीवर ३५.४ अब्ज डॉलर अनुदान दिलं. त्यातले २२.२ अब्ज मासेमारीची ताकद वाढवणारे, म्हणजे डिझेल, नव्या बोटी वगैरे. मासे कमी झाले तरी बोट तोट्यात जात नाही, कारण तोटा सरकार भरतं.

कोकणातल्या यांत्रिक नौकांनाही डिझेलवर सवलत असते. ती सरसकट काढा म्हणणं मला पटत नाही, आणि आकडेही तसं सांगत नाहीत: जगातल्या अनुदानाचा ८० टक्क्यांहून जास्त वाटा मोठ्या ताफ्यांकडे जातो, छोट्या होडीवाल्याच्या हाती थोडंच लागतं. जागतिक व्यापार संघटनेने २०२२ मध्ये करार केला, तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झाला. बेकायदा मासेमारीला आणि आधीच जास्त उपसलेल्या माशांवर चालणाऱ्या मासेमारीला मिळणाऱ्या अनुदानाला त्यात लगाम आहे. डिझेलचा मोठा प्रश्न मात्र कराराबाहेरच राहिला.