डोंगरउतारावरची गर्द बाग : समजुती आणि वस्तुस्थिती

जावळीच्या खोऱ्यात, पाचगणीखालच्या उतारांवर, पाटणच्या डोंगरपायथ्याला, शिराळ्याच्या पश्चिम भागात, अशा ठिकाणी जागा घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच चित्र असतं : टप्प्याटप्प्यांनी उतरत जाणारी मोठ्या पानांची दाट, ओलसर बाग. हे चित्र साताऱ्या-सांगलीत प्रत्यक्षात येऊ शकतं. आड येतात त्या ऐकीव समजुती, आणि त्यातल्या एक-दोन तर जिवावर बेतू शकतील अशा आहेत.

पहिली समजूत म्हणजे अशी बाग कोकणात किंवा केरळातच होते, देशावर नाही. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आहे. सातारा अठराच्या आत आणि सांगली सतराच्या आसपास, म्हणजे दोन्ही जिल्हे पुरते उष्ण कटिबंधात आहेत. उणीव उन्हाची नाही, वर्षभराच्या ओलीची आहे. पाऊस चार महिने, उरलेले आठ जवळजवळ कोरडे. त्यातही महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त, तर पूर्वेला माण, आटपाडी, जतकडे जेमतेम पाचशेच्या घरात. तेव्हा ‘साताऱ्यात काय लावावं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. थंडीचाही विचार करावा लागतो. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात हिवाळ्यात दवबिंदू गोठतात. तिथे हेलिकोनिया आणि केळीची पानं करपणारच. हीच रोपं वाईच्या किंवा कऱ्हाडच्या बाजूला खुशाल वाढतात.

आता सर्वांत धोक्याची समजूत : भिंत सिमेंटची आणि जाडजूड असली की टप्पा सुरक्षित. भिंत मातीच्या वजनाने क्वचित पडते, ती पडते मागे साठलेल्या पाण्याच्या दाबाने. 22 ते 23 जुलै 2021 च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला सुमारे 594 मिलिमीटर पाऊस झाला. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबाने दहा मीटर लांब-रुंद टप्प्यावर एका दिवसात एकोणसाठ हजार लिटर पाणी पडलं, आणि वरच्या डोंगरावरून वाहत आलेलं निराळंच. त्याच अतिवृष्टीत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. ती गावं काही बागांमुळे गेली नाहीत. पण पाण्याने भिजून जड झालेला उतार काय करतो, हे तिथे दिसलं, आणि आपला टप्पा त्याच डोंगराचा तुकडा आहे.

म्हणून जुन्या दगडी तालीकडे मी आदराने पाहतो. चुना-सिमेंटाशिवाय रचलेली, पायाशी रुंद, डोंगराकडे किंचित झुकलेली ताल सगळ्या अंगाने पाणी पाझरू देते. सिमेंटचीच भिंत घालायची असेल, तर तळाशी आरपार भोकं आणि मागे खडीचा थर हवाच. कंबरेपेक्षा उंच भिंत जाणत्या अभियंत्याला विचारल्याशिवाय बांधू नका. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे उतार कापण्याआधी नियम पाहून परवानगी घ्या.

टप्पा तळहातासारखा सपाट असावा, हाही असाच समज. भातखाचराला ते ठीक, कारण तिथे पाणी तुंबवायचंच असतं. जोराच्या पावसात बागेचा टप्पा डोंगराच्या बाजूला किंचित उतरता ठेवतात. आतल्या कडेने चर काढून पाणी बाजूच्या दगडी सांडव्यात सोडतात. कमी पावसाच्या, निचऱ्याच्या जमिनीत उलट, बाहेरच्या बाजूला हलका उतार चालतो. म्हणजे पाचगणीची मांडणी खानापूर-आटपाडीत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

मुरमाड उतारावर टप्पा भरायला ट्रकभर काळी माती आणणारे खूप भेटतात. कृष्णाकाठी ऊस आणि हळद पोसणारी ही माती, तिच्याबद्दल प्रेम असणं साहजिक आहे. पण ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यामुळे ती भिंतीला पुढे रेटते, आणि कठीण मुरमावरून सरकूही शकते. तिथलीच मुरमाड तांबडी माती घेऊन तिच्यात भरपूर कुजलेलं शेणखत मिसळा. पिकाला जे वरदान, ते भिंतीमागे संकट ठरतं.

केळी लावली की माती धरून ठेवते, हे तर सर्रास ऐकू येतं. केळीची मुळं उथळ असतात आणि वाऱ्यात तिचा माथा जड होतो. माती धरतं ते गवत, विशेषतः वाळा, कारण त्याची मुळं सरळ खोल जातात. तालीच्या माथ्याशी वाळ्याची दाट ओळ लावा आणि केळ, कर्दळ, अळू, हळद आतल्या ओलसर चराजवळ. बांबूचं बेट भिंतीपासून चांगलं लांब ठेवा. उतार ‘साफ’ करण्यासाठी सगळं गवत-झुडूप एकदम खरवडून काढणं तर पावसाच्या तोंडावर कधीच नको.

मोठ्या पानांसाठी परदेशी रोपंच लागतात, या समजुतीचं मला सर्वांत वाईट वाटतं. सह्याद्रीतली रानकेळ कड्याकपारीत, खडकाच्या फटीत वाढते. पावसाळ्यात तिची पानं डोळ्यांत भरतात, उन्हाळ्यात ती झडून नुसता बुंधा उरतो आणि पावसासोबत पुन्हा पालवते. तिला बगलफुटवे येत नाहीत. काही वर्षांनी एकदाच फुलते, बी धरते आणि मरते. माशाच्या शेपटीसारख्या पानांचा भेरली माड, पांढऱ्या फुलांचा पेवा, रानहळद, कारवी, तेरडा ही सगळी इथल्या पावसाची आणि इथल्या कोरड्या महिन्यांची सवय असलेली माणसं आहेत, असंच मी म्हणेन. घाणेरी मात्र दिसेल तिथे काढा. ती मूळची अमेरिकेतली, आणि इथल्या रानाला तिने पुरतं ग्रासलं आहे.

उन्हाळ्यात रोज पाटाने पाणी दिल्याशिवाय अशी बाग जगत नाही, असंही सांगतात. उतारावर पाट सोडला की माती वाहते. ठिबक लावा आणि झाडांच्या बुडाशी वीतभर जाड उसाचं पाचट पसरा. या दोन जिल्ह्यांत अजूनही पुष्कळ शेतकरी ते फडातच पेटवून देतात. आधी सांगून ठेवलं तर गाडीभर सहज मिळतं. पाचट ओल धरतं, पावसाचा मारा झेलतं आणि कुजून खत होतं. उन्हाळ्यात रानकेळ, पेवा, हळद विसावतात, त्यांना तेव्हा पाणी द्यायचंच नसतं. ठिबक फक्त केळी, माड आणि नव्या रोपांसाठी.

रोपं रोपवाटिकेतून किंवा बियांपासून करा. कास पठारावरून किंवा कोयना-चांदोलीच्या जंगलातून कंद उपटून आणू नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे, तिथून काही उचलणं गुन्हा आहे. आणि पहिलं वर्ष फक्त ताली, चर, सांडवा आणि वाळा यांनाच द्या. भर पावसात छत्री घेऊन टप्प्याटप्प्यावर फिरा, पाणी कुठे तुंबतंय आणि कुठून भिंत गाठतंय त्याच्या खुणा करा. त्या खुणांप्रमाणे चर दुरुस्त झाले, की पुढच्या मृगाला केळ-हळद लावायला घ्या.