ओव्हनमधील धूर : वास ओळखावा, दार उघडू नये

नानकटाई भाजण्यासाठी पिठाचे डबे घेऊन बेकरी गाठण्याचा काळ आता बराच मागे पडला आहे. भोपाळच्या कोलार रोडसारख्या वाढत्या वसाहतींतील मराठी घरांतही दिवाळीचे हे काम विजेच्या ओव्हनवर होऊ शकते. मात्र पावसाळाभर बंद असलेला ओव्हन प्रथमच तापविला म्हणजे पुष्कळदा धूर निघतो व जळकट वास येतो. अशा वेळी घाबरून न जाता वास कशाचा आहे हे प्रथम ओळखावे.

ओव्हन अगदी नवा असल्यास तापणाऱ्या सळ्यांवरील तेलकट लेप जळून थोडा धूर होतो. खिडक्या उघडून, रिकामाच ओव्हन अर्धा तास तापविला की तो बहुधा नाहीसा होतो. वापरातील ओव्हनमध्ये मात्र धुराचे कारण बहुतेक वेळा सांडलेले तूप हेच असते. साजूक तूप सुमारे २५० अंश सेल्सिअसला धुरू लागते आणि नानकटाईला १६० ते १७० अंश पुरतात. मग धूर का यावा? बटणावरील आकडा आतील हवेच्या तापमानाचा असतो. लाल झालेली सळई त्याहून कितीतरी अधिक तप्त असते व तिच्यावर पडलेला थेंब तत्काळ जळतो. यास्तव उभ्या कडांचा ट्रे वापरावा आणि ओव्हन थंड झाल्यावर, प्लग काढून, आतील भाग पुसून घ्यावा.

जळक्या प्लास्टिकचा वा रबराचा वास अधिक गंभीर समजावा. तापलेल्या वायरच्या आवरणाला किंवा प्लगला कधी मासळीसारखाही वास येतो. मासळी न शिजणाऱ्या घरात तो आल्यास शेजाऱ्यांना दोष देण्यापूर्वी आपला प्लग पाहणे बरे! २,००० वॅटचा ओव्हन २३० व्होल्टवर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. ६ अँपिअरच्या सॉकेटला किंवा साध्या एक्स्टेन्शन बोर्डाला तो जोडणे धोक्याचे आहे. त्यास १६ अँपिअरचे स्वतंत्र सॉकेट व योग्य जाडीची वायर हवी. उंदरांनी कुरतडलेली वायरही असाच वास देते. असा वास येताच वीजपुरवठा बंद करावा आणि जाणकार वायरमनकडून तपासणी होईपर्यंत ओव्हन वापरू नये.

आत ज्वाळा दिसल्यास दार मुळीच उघडू नये. बाहेरची हवा मिळताच आग भडकते; दार बंद राहिल्यास ती बहुधा आतच विझते. भिंतीवरील बटण बंद करावे. ते धुराने वा ज्वाळांनी वेढले असल्यास मुख्य स्विच बंद करावा. पाणी टाकू नये. ज्वाळा बाहेर येऊ लागल्यास मुलांना व वृद्धांना घेऊन घराबाहेर पडावे, जाताना स्वयंपाकघराचे दार ओढून घ्यावे आणि १०१ क्रमांकावर अग्निशमन दलास कळवावे.