‘फॅट पिग’ : ती आवडते, पण चारचौघांत सांगायची लाज वाटते; हसवता हसवता प्रेक्षकांनाच अडकवणारं नाटक

मुलगा-मुलगी भेटतात, गप्पा रंगतात, फोन नंबर घेतले जातात. रोमँटिक कॉमेडी अशीच सुरू होते. नील लाबूट या अमेरिकी नाटककाराचं ‘फॅट पिग’ही असंच सुरू होतं. फरक एकच, यातली नायिका जाड आहे. आणि नाटकाचं नाव म्हणजे अशा मुलीला मागून दिली जाणारी शिवी, ‘जाडी डुकरीण’.

डिसेंबर 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या एमसीसी थिएटरनं हे नाटक रंगमंचावर आणलं. 2008 मध्ये ते लंडनच्या वेस्ट एंडला पोहोचलं. पात्रं फक्त चार. पण सौंदर्याच्या कल्पनांविषयी बोलताना आजही या नाटकाचा उल्लेख होतो. असं काय आहे त्यात?

नाटकाची गोष्ट काय?

टॉम हा ऑफिसात नोकरी करणारा, दिसायला बरा असा तरुण. जेवणाच्या सुट्टीत गर्दीच्या हॉटेलात त्याला जागा मिळत नाही, म्हणून तो हेलनच्या टेबलापाशी येतो. हॉटेलकडे बघत तो म्हणतो की केवढं मोठं आहे. हेलनला वाटतं, हा आपल्याबद्दलच बोलतोय! टॉमची तारांबळ उडते, हेलन मात्र हसून सोडून देते.

हेलन लायब्ररीत काम करते. तिला जुने युद्धपट आवडतात, खायला आवडतं आणि स्वतःवर विनोद करायला ती घाबरत नाही. टॉम तिच्या प्रेमात पडतो, तोही मनापासून.

अडचण सुरू होते ऑफिसात. तिथे आहे कार्टर, टॉमचा मित्र. आणि जीनी, टॉमची आधीची मैत्रीण, जिच्याशी त्याने धड तोडलंही नाही आणि धड ठेवलंही नाही. टॉमची नवी मैत्रीण कोण, हे शोधून काढायचं कार्टर मनावर घेतो. टॉम थापा मारतो. दोघं हॉटेलात जेवत असताना कार्टर समोर येतो, तेव्हा हे कामानिमित्तचं जेवण आहे असं टॉम भासवतो. पुढे हेलनचा फोटो कार्टरच्या हाती लागतो आणि ऑफिसभर फिरतो. 

मग यात खलनायक कोण?

पहिल्यांदा बोट जातं कार्टरकडे. त्याचे शेरे ऐकवत नाहीत. तरीही प्रेक्षागृहात हशा पिकतो, कारण तो बोलतो मजेदार. लाबूटचा सापळा इथेच आहे. कार्टरच्या विनोदावर हसलेला प्रेक्षक नंतर त्याला सहज नावं ठेवू शकत नाही.

पुढे कळतं की कार्टरची आईही जाड होती आणि लहानपणी त्याला तिची लाज वाटायची. यामुळे तो चांगला ठरत नाही. पण ही लाज घरातूनच, अगदी लहान वयात अंगात भिनते, हे दिसतं.

आणि टॉम? तो हेलनला एक शब्दही वाईट बोलत नाही. फक्त तिला लपवतो. भेटायच्या जागा अशा निवडतो, जिथे ओळखीचं कुणी येणार नाही. आपल्याकडे याला ‘लोक काय म्हणतील’ असं साधं नाव आहे.

शेवट काय होतो?

(नाटक वाचायचं-बघायचं असेल, तर हा भाग सोडून पुढे जा.)

शेवटचा प्रसंग समुद्रकिनाऱ्यावर आहे. ऑफिसची पार्टी सुरू आहे आणि टॉम हेलनला घेऊन बाकीच्यांपासून लांब बसलाय. हेलनच्या ते लक्षात येतं. इतका वेळ स्वतःच्या शरीराबद्दल मोकळी असलेली हेलन म्हणते की तुझ्यासाठी मी बदलायलाही तयार आहे. टॉम कबूल करतो की आपण कमकुवत आहोत, लोकांच्या नजरा आपल्याला झेपत नाहीत. तो तिला सोडतो.

रोमँटिक कॉमेडीत नायकाला शेवटी अक्कल येते. इथेही येते. स्वतःचं काय चुकतंय, हे टॉमला नीट कळतं. पण कळलं म्हणून धैर्य येत नाही.

नाटकावर टीका का झाली?

एक आक्षेप नावावरच होता. शिवी पोस्टरवर छापायची गरज काय? दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. जाड मुलीची गोष्ट सांगताना नाटक तिच्यापेक्षा टॉमच्या घालमेलीतच जास्त रमतं आणि शेवटी सोसावं लागतं तिलाच. बाजू घेणारे म्हणतात, गोष्ट मुळात टॉमचीच आहे, म्हणजे बघ्यांची. लाबूटनं स्वतः वजनाशी केलेल्या झटापटीबद्दल नाटकाच्या प्रस्तावनेत लिहिलंय, त्यामुळे हा विषय त्याला परका नव्हता.

दिसण्याचा ध्यास हा त्याचा आवडता विषयच. ‘द शेप ऑफ थिंग्ज’ (2001), ‘फॅट पिग’ आणि ‘रीझन्स टू बी प्रिटी’ (2008) ही तीन नाटकं त्यामुळे एकत्र धरली जातात.

आपल्याला याचं काय?

मराठीतही ‘वजनदार’ (2016) सारखा सिनेमा आणि ‘सुंदरा मनामध्ये भरली’ सारखी मालिका येऊन गेली. अशा गोष्टींत बहुतेकदा नायिकेचा प्रवास असतो, ती स्वतःला कशी स्वीकारते याचा. हेलननं मात्र स्वतःला आधीच स्वीकारलेलं असतं. बदलायची वेळ टॉमवर येते, आणि तिथेच गाडी अडते.

लग्नाच्या जाहिरातीत आजही ‘गोरी, सडपातळ’ छापलं जातं. लग्नाच्या फोटोखाली ‘पोरानं काय बघून होकार दिला’ अशी कमेंट पडते आणि तिला शेकडो लाइक्स मिळतात. कमेंट करणारा कार्टर एकच असतो. बाकीचे वाचतात, हसतात आणि गप्प राहतात. लाबूटचं नाटक त्या बाकीच्यांबद्दल आहे.