‘केस चालू हाय, कुठं जॉइन होऊ नका’

शाळेतून काढलेल्या शिक्षकाला गारगोटीच्या एस.टी. स्टँडवर चहाबरोबर हमखास मिळणारा सल्ला: ‘सर, केस चालू हाय न्हवं? मग निकाल लागंपर्यंत कुठं जॉइन होऊ नका. दुसरीकडं एक पगार घेतला की केस मेली.’ सल्ला देणाऱ्याचा स्वतःचा पगार एक तारखेला जमा होत असतो. ऐकणारा मात्र वर्षानुवर्षं घरी बसतो. शिकवणी घेतलीच तर बायकोच्या नावाचा बोर्ड लावून.

केस मरत नाही. खासगी शाळेतला कर्मचारी महाराष्ट्राच्या १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याच्या कलम ९ खाली स्कूल ट्रिब्युनलकडे अपील करतो. तिथे मूळ प्रश्न एवढाच, की काढलं ते कायदेशीर होतं का? मधल्या काळात तुम्ही क्लास काढलात की भात लावलंत, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो संबंध येतो मागचा पगार ठरवताना. समजा पगार चाळीस हजार होता आणि शिकवणीचे आठ हजार मिळत होते, तर वाद मुख्यतः त्या आठ हजारांचा. कोर्ट कधी ढोबळ टक्केवारीही लावतं, पण कमावलं म्हणून नोकरीवरचा हक्क जात नाही.

पटत नसेल तर २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहा: दीपाली गुंडू सुरवसे विरुद्ध क्रांती ज्युनिअर अध्यापक महाविद्यालय. प्रकरण आपल्याच राज्यातलं. ट्रिब्युनलने दिलेला मागचा पूर्ण पगार औरंगाबाद खंडपीठाने रद्द केला होता, तो सर्वोच्च न्यायालयाने परत दिला. ‘मी पगारी कामाला नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो’ एवढं कर्मचाऱ्याने सांगायचं; ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी मग संस्थेची. ‘कमी पगारावर’ हा पर्याय न्यायालयानेच दिलाय. दुसरं काम धरल्याने केस मरत असती तर तो कशाला दिला असता?

केसचा घात होतो तो लपवाछपवीने. ॲफिडेव्हिटवर ‘उत्पन्न शून्य’ लिहायचं आणि उलटतपासणीत समोरच्या वकिलाने क्लासचं हँडबिल पुढे धरलं की घाम पुसायचा! मग तुमच्या खऱ्या गोष्टींवरही कोण विश्वास ठेवणार? फीची वही ठेवा, आकडा सांगून टाका.

भुदरगड तालुक्यात पुढचा प्रश्न ठरलेला: ‘आणि शेताचं काय?’ इथे निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. १९८४ च्या राजिंदर कुमार किंद्रा प्रकरणात बडतर्फ माणूस सासऱ्याच्या कोळशाच्या वखारीत मदत करून पोट भरत होता. ही नोकरी म्हणायची तर उद्या भीक मागणंही नोकरी ठरेल, अशा अर्थाचं सर्वोच्च न्यायालयाने मालकाला सुनावलं. उलट २००७ मध्ये कर्नाटकच्या एस.टी. कर्मचाऱ्याच्या प्रकरणात शेतीचं उत्पन्नही कमाईच, असं तेच न्यायालय म्हणालं. माझ्या मते, घरच्या रानात हातभार लावणं वेगळं आणि आपल्या नावावरचा ऊस बिदरीच्या साखर कारखान्याला घालून बिल उचलणं वेगळं. ते बिल बँकेत दिसतं, तेव्हा आधीच सांगितलेलं बरं.

‘काम शोधलंच नाही तरी चालतं’ हेही डोक्यातून काढा. करार कायद्याच्या कलम ७३ चं स्पष्टीकरणच सांगतं, की नुकसान मोजताना ते टाळायचे कोणते मार्ग हाताशी होते तेही पाहायचं.

असेच आणखी काही ठरलेले सल्ले. ‘लेबर कोर्टात जा’: शिक्षक ‘कामगार’ नाही, हे १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरलंय.

‘जिंकलं की खुर्ची मिळतेच’: बहुतेक वेळा, पण नेहमी नाही. परत घ्यायचं नाही असं ठरलं तर त्याच १९७७ च्या कायद्याच्या कलम ११ खाली भरपाई आहे. दहा वर्षं किंवा जास्त सेवा असेल तर १२ महिन्यांचा पगार, कमी असेल तर ६. दुसरी योग्य नोकरी मिळण्याची शक्यता किती, याचाही विचार तिथे होतो.

‘अपील काय, सवडीनं करू’: मुदत ३० दिवसांची. त्यानंतर आधी उशिराचं सबळ कारण पटवून द्यावं लागतं.